चढ, ऊन आणि घड्याळ

संपादक महोदय,

डोंगराळ वाटेवरची मॅरेथॉन भर उन्हात धावणाऱ्यांची संख्या वाढते आहे, याचा आनंदच आहे. पण सपाट रस्त्यावरची वेळ डोक्यात ठेवून चढाला भिडणारे पाहिले की धास्ती वाटते. मीही एकदा ते केले. तिसाव्या किलोमीटरला घड्याळ बघायचेही त्राण उरले नव्हते.

चढावर वेग कमी, म्हणजे अंगाला वारा कमी. शरीरात उष्णता मात्र जास्त तयार होते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. अशा वेळी वेग नव्हे, श्वास मोजावा. चढ चालत गेल्याने कुणाची अब्रू जात नाही! मांड्यांची खरी वाट लागते ती उतारावर. उन्हाची सवय व्हायलाही दहा-चौदा दिवस लागतात. आणि भीतीपोटी नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरते, तेही जिवावर बेतू शकते.

१९०४च्या सेंट लुईस (अमेरिका) ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ऊन, धूळ, टेकड्या आणि पाण्याची वानवा होती. ३२ पैकी फक्त १४ जण शर्यत पुरी करू शकले. आजच्या आयोजकांनी निदान पहाटे सुरुवात करावी, मोठ्या चढाच्या आधी आणि नंतर पाणी ठेवावे, बर्फाच्या पाण्याचे टब तयार ठेवावेत. उष्माघातात आधी अंग थंड करायचे असते, रुग्णवाहिका नंतर. पदके थोडी साधी असली तरी चालतील.

– एक हौशी धावपटू