बंद झालेली गाडी आणि नाना पेठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी सल्ला होता. त्यातलं एक वाक्य मला खटकलं. उत्पादन बंद झालेलं मॉडेल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, सुटे भाग मिळत नाहीत, असं त्यात म्हटलंय. मी भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. ‘मिळत नाही’ असं कुणी म्हणालं की ‘कुठे विचारलंत?’ हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. मी गेल्या वर्षी बंद झालेलीच गाडी घेतली, रेनॉची डस्टर, आणि घेण्याआधी विचारून आले होते. पत्र थोडं लांबलंय. कात्री लावायचीच असेल तर माझ्या घरच्या कहाणीला लावा, नाना पेठेला लावू नका.

घरची कहाणी अशी. सासर भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडे. आमची जुनी वॅगन आर तिथवर जायची, पण शेवटच्या तीन किलोमीटरला पोटाखालून असा आवाज यायचा की सासूबाई रामरक्षा सुरू करायच्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना गाडीत बसवणं एक वेळ जमायचं, बाहेर काढायला दोघं लागायची. म्हणजे उंच गाडी हवी होती, डिकी मोठी हवी होती आणि पैसे होते पाच लाख. त्याच वयाची, त्याच आकाराची आणि आजही शोरूममध्ये दिसणारी गाडी अडीच-तीन लाखांनी महाग होती. हा फरक कशाचा? ‘बंद झाली’ या दोन शब्दांचा. तो खिशात घालायचा की नाही, एवढाच प्रश्न होता.

‘बंद झाली’ हे वाक्य आपण सरसकट वापरतो. चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही ५०० सन २०२१ मध्ये बंद झाली, कारण तिच्या जागी कंपनीनेच दुसरी आणली. कंपनी इथेच, वर्कशॉप इथेच, तिची काळजी करायचं कारण नाही. तळेगावला कारखाना असलेल्या शेवरोलेचं उलट. तिथे २०१७ च्या अखेरीस देशातली विक्रीच थांबली. डस्टर या दोन्हींच्या मधली. जुलै २०१२ मध्ये आली, १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले तेव्हा कंपनीने डिझेल सोडलं, पेट्रोलवरची २०२२ पर्यंत चालली. पण कंपनी देशातच राहिली. या तिघींना एका वाक्यात बसवून ‘घेऊ नका’ म्हणणं म्हणजे आमच्याकडे बुडीत खातं, थकलेलं खातं आणि बंद केलेलं खातं एकाच रकान्यात टाकण्यासारखं आहे. आमचे ऑडिटर मला हाकलून देतील.

गाडी बघायच्या आधी मी एका शनिवारी नाना पेठेत गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गाडीला लागणारी सगळी वस्तुजात पुण्यात तिथे मिळते. वडगावच्या आमच्या मेकॅनिक मामांनी दहा भागांची यादी लिहून दिली होती: टायमिंग बेल्टचा संच, क्लच प्लेट, लोअर आर्म, लिंक रॉड, इंजेक्टर, एसीचा कॉम्प्रेसर, पुढची काच, हेडलाइट, मागचा दिवा, दाराचं हँडल. पहिल्या दुकानातल्या काउंटरवरच्या माणसाने यादी वाचली आणि विचारलं, “गाडी कुठंय?”

“अजून घेतली नाही.”

“मग पार्ट कशाला?”

“मिळतो का ते बघायला.”

त्याने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “बसा ताई,” म्हणाला, आणि पोऱ्याला चहा सांगितला.

पुढच्या पाऊण तासात जे कळलं ते कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. डस्टरचं १४६१ सीसीचं डिझेल इंजिन, ज्याला हे लोक ‘के-नाइन-के’ म्हणतात, ते एकट्या डस्टरचं नाही. निसानच्या टेरानोत तेच, सनीत तेच, रेनॉच्याच लॉजीत तेच, आणि टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर पळवलेल्या महिंद्राच्या व्हेरिटोतही तेच. टॅक्सीत जे इंजिन चालतं त्याचा बेल्ट, पंप, फिल्टर बाजारातून जात नाही. हे सगळं त्याने माझ्यासमोर काउंटरवर काढून ठेवलं, दोन-दोन कंपन्यांचं. क्लच संध्याकाळपर्यंत मागवतो म्हणाला. काच मिळते. अडलं कुठे, तर मागच्या दिव्यावर आणि दाराच्या हँडलवर. म्हणजे गाडी चालायला जे लागतं ते मिळतं, दिसायला जे लागतं ते मागवावं लागतं. २०१६ च्या आधीचं तोंड वेगळं आणि नंतरचं वेगळं, त्यामुळे वर्ष न सांगता दिवा मागितला तर चुकीचा येतो, हेही त्याने बजावलं. दिवा मिळालाच नाही तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बघायचं.

ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी घेऊ का, हा प्रश्न माझ्या भाच्याचा. तिच्या मागच्या सस्पेन्शनची रचनाच वेगळी आणि अशा गाड्या विकल्या गेल्या कमी, त्यामुळे तिच्या त्या भागांचं विचारल्यावर दुकानदाराने नुसती नकाराची मान हलवली. भाच्याला हिमालयात जायचंय. मला भोरला जायचंय. आम्ही साधी घ्यायची ठरवली.

मग गाड्या बघायला सुरुवात केली. नगर रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात पांढरी डस्टर होती, काचेसारखी चकचकीत. विक्रेता माझ्या नवऱ्याला सगळं समजावून सांगत होता. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, पण मान डोलावता उत्तम येते. “सर, एका हाताची आहे, एक ओरखडा नाही.” मी तोवर मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट ओढत होते. मामांनी सांगितलं होतं, बेल्ट अर्धा नाही, पार शेवटपर्यंत ओढायचा. पहिला हातभर पट्टा स्वच्छ, काळा, शाम्पूचा वास येणारा. रीळ संपत आलं तसा पट्टा जड यायला लागला आणि शेवटच्या वितीला त्यावर तपकिरी रेघ दिसली, कपबशीत चहा वाळल्यावर उमटते तशी. नखाने खरवडली तर भुकटी पडली. नदीचा गाळ तो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी बुडाली, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. त्या गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकायला उभ्या असणारच.

मी काही बोलले नाही. विम्याची पॉलिसी मागितली. त्यात ‘नो क्लेम बोनस’ हा रकाना असतो. दर वर्षी क्लेम न घेता गेला की तो २०, २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षानंतर ५० टक्क्यांवर जातो, आणि एका क्लेमला शून्यावर येतो. सात वर्षं एका हातात असलेल्या, ओरखडा नसलेल्या गाडीच्या चालू पॉलिसीत शून्य होतं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, ते कॉम्प्युटरचं काहीतरी असतं.” असेल. हा बोनस गाडीबरोबर नव्या मालकाला मिळत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो, म्हणून विकत घेणारे त्या रकान्याकडे बघत नाहीत. पण आपल्याला न मिळणाऱ्या पैशाचा रकानाही वाचावा. त्यातच खरं लिहिलेलं असतं.

दुसरी एक दिल्लीची होती, दीड लाखाने स्वस्त. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांनंतर डिझेल गाडी चालवता येत नव्हती, म्हणून त्या इकडे यायच्या. तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, नवा एमएच नंबर आणि आरटीओच्या खेपा हे सगळं बेरजेत धरलं तेव्हा दीड लाखातलं फारसं काही उरलं नाही. तिसरी २०१३ ची. तिच्यात आरसे फिरवायचं बटण हँडब्रेकच्या दांडीखाली निघालं. ज्याने ते तिथे ठेवलं त्याला एकदा स्वारगेटच्या चौकात बसवायला हवं.

आणि एक गोष्ट आपल्या सल्ल्यात यायलाच हवी होती. २०१७ मध्ये, गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या डस्टरला शून्य तारे मिळाले होते. जुन्या बाजारात सगळ्या डस्टर सारख्याच दिसतात, दारावरचं व्हेरियंट कुणी वाचत नाही. पंधरा-वीस हजारांसाठी बिनएअरबॅगची घेऊ नये. मी दोन एअरबॅगवाली सोडून बाकीच्या बघायलाही गेले नाही.

शेवटी घेतली ती सहकारनगरच्या एका निवृत्त गृहस्थांची, २०१७ ची, ८५ पीएस (म्हणजे साधारण तेवढ्याच अश्वशक्ती) ताकदीची, ७८ हजार किलोमीटर झालेली. ११० पीएसची का नको, तर मामांच्या मते ८५ चा टर्बो साध्या रचनेचा आहे आणि आमच्या वापराला तेवढी ताकद पुरे. पण खरं सांगायचं तर मी गाडी घेतली नाही, फाइल घेतली. गृहस्थांनी निळ्या रेक्झिनच्या फाइलीत सात वर्षांची बिलं तारखेवार लावली होती, त्यात पंक्चरची चाळीस रुपयांची पावतीसुद्धा होती, मागे पेन्सिलीने ‘उजवे मागील’ असं लिहिलेली. प्रत्येक बिलावर किलोमीटर असतात, त्यामुळे मीटर मागे फिरवलाय का हे बघायला वेगळं यंत्र लागत नाही. आकडे चढत गेले पाहिजेत, बस.

एकच बिल नव्हतं, टायमिंग बेल्टचं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला या इंजिनाला बेल्ट असतो, साखळी नसते. तो चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. “बदललाय हो मी,” गृहस्थ म्हणाले. मी म्हटलं, “काका, बिल नाही म्हणजे बदललेला नाही.” त्यांना राग आला, पण किमतीतून बारा हजार कमी केले. मामांनी कव्हर उघडलं तर बेल्ट खरंच बदललेला! कधी आणि किती किलोमीटरला हे मात्र कळेना, म्हणून आम्ही तो काढून नवा घातलाच, पाण्याच्या पंपासकट. मी काकांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, “नाही, बिल नव्हतं, तुमचंच बरोबर.” जुन्या पेन्शनीतली माणसं.

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलेलं, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी दिलाच नव्हता. त्यात पाच आठवडे गेले. तोवर मी पंचवीस हजार हातात राखून ठेवले होते, काकांच्या संमतीने. गाडीच्या नंबरावर ई-चलनं तपासली तर अकरा निघाली, त्यातली चार एकाच चौकातली, झेब्रा क्रॉसिंगवर चाक. काकांनी ती भरली आणि त्या पावत्याही फाइलला लावल्या.

वर्षभरात गाडी तेरा हजार किलोमीटर चालली. २०५ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची रस्त्यापासूनची उंची, भाटघरच्या पलीकडे सार्थकी लागतो. सासूबाईंना सीट नेमकी कंबरेच्या उंचीला येते, त्या वळतात आणि बसतात. रामरक्षा आता फक्त संध्याकाळी होते. मागचा दिवा पार्किंगमध्ये एका दुचाकीवाल्याने फोडला, तो नाना पेठेतून मागवायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस लाल टेप लावून फिरलो. दोन वर्षांत गाडी विकून दुसरी घ्यायची सवय असलेल्यांनी मात्र माझं ऐकू नये. घेताना जे तीन लाख वाचतात ते विकताना दुसऱ्याचे वाचणार. मी ती २०३२ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी संपेपर्यंत ठेवणार आहे.

हल्ली शेजारी अभिनंदन करतात. २६ जानेवारी २०२६ ला कंपनीने नवी डस्टर भारतात दाखवली, आता तुमच्या गाडीचे भाग मिळतील, भाव वाढेल, असं म्हणतात. नाव तेच आहे, एवढंच. खालचा सांगाडा वेगळा, डिझेल इंजिन नाहीच. तिचा दिवा माझ्या गाडीला बसणार नाही. जुन्या गाडीचा विक्रेता ‘आता परत आली ना’ म्हणून वीस हजार जास्त मागत असेल तर ते द्यायचं कारण नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत जुन्या गाडीच्या किमतीशेजारी सुट्या भागांचा एक रकाना छापा. माझी दहा भागांची यादी मी पाठवते. भाव मात्र नाना पेठेत महिन्याला हलतात, छापण्याआधी शनिवारी सकाळी माणूस पाठवून विचारून घ्या. दुपारी तिथे कुणी बोलायच्या मनःस्थितीत नसतं.

आपली नियमित वाचक,
सिंहगड रस्ता, पुणे