इन्सुलिन आणि वजनाची धास्ती

महोदय,

‘इन्सुलिनने अंग सुटतं’ या धास्तीने अनेक मधुमेही परस्पर डोस कमी करतात. वजन वाढू शकतं हे खरं, पण कारण समजून घ्यावं. रक्तातली साखर साधारण १८०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर गेली की ती लघवीवाटे जाऊ लागते. रोज ५० ग्रॅम गेली तर २०० कॅलरी वाया. इन्सुलिनने ही गळती थांबते. जेवण तेवढंच राहिलं की वजन चढतं.

दुसरं कारण साखर उतरल्यावरचं खाणं. ती ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार सपाट चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. घरचे मात्र घाबरून लाडू भरवतात! त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते, तोवर बिस्किटांचा पुडाही संपतो. साखर वारंवार उतरत असेल तर खाणं वाढवण्याऐवजी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. टाइप २च्या (ज्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) रुग्णांनी वजन आटोक्यात ठेवायला सोबत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालेल का, हेही विचारावं.

टाइप १मध्ये (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) इन्सुलिन टाळून ‘बारीक’ होणं तर जिवावरचं: रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी पदार्थ) साचतात, उलट्या, धाप, प्रसंगी थेट आयसीयू.

– एक वाचक, सातारा