वॉरंटी दिव्यांची नको, दोषाची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा गेम कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) बाजारात आला की पहिल्या काही आठवड्यांतच बंद पडलेल्या यंत्रांचे व्हिडिओ फिरू लागतात आणि लोकांचे दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे, लाखांत काहीशे यंत्रे बिघडणारच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, कंपनीने सदोष माल गळ्यात मारला. खरा आकडा त्या वेळी या दोघांपैकी कोणाकडेच नसतो. तो असतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत. अशा वेळी ग्राहकांनी नेमके काय मागावे, हे समजून घ्यायला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चे प्रकरण आजही सर्वांत उपयोगी आहे.

हा कन्सोल २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत विक्रीला आला. तक्रारी पहिल्याच दिवसांपासून होत्या. डिसेंबर उजाडताच यंत्र तापून बंद पडते म्हणून तिथल्या फेडरल न्यायालयात दावाही दाखल झाला. पॉवर बटणाभोवतीच्या दिव्यांच्या कड्याचे चार भाग होते आणि एरवी ते हिरवे उजळत. चारही लाल झाले तर व्हिडिओ केबल नीट बसलेली नाही. डावीकडचे दोन लाल म्हणजे यंत्र मर्यादेबाहेर तापले. उजवीकडचा वरचा सोडून बाकी तीन लाल लुकलुकू लागले तर ‘सर्वसाधारण हार्डवेअर बिघाड’. हेच ते ‘रेड रिंग ऑफ डेथ’, म्हणजे मरणाचे लाल कडे. एकच लाल असेल तर पडद्यावर ‘ई’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक यायचा.

तीन दिव्यांच्या मागे आणखी एक चार आकडी कोड दडलेला होता. कंट्रोलर जोडण्याचे छोटे पांढरे बटण दाबून धरायचे आणि डिस्क बाहेर काढण्याचे बटण एकेकदा दाबत जायचे. प्रत्येक वेळी जितके दिवे लुकलुकतील तो एक अंक, आणि चारही लुकलुकले तर शून्य. चार वेळा दाबले की कोड पूर्ण. तक्रारींमध्ये ०१०२ हा कोड पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि तो ग्राफिक्स चिपच्या, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या चिपच्या, जोडांकडे बोट दाखवत होता. ‘माझा बंद पडला’ या हजार ओरडींपेक्षा हजार जणांनी लिहिलेला तोच एक कोड कंपनीला कितीतरी अवघड जातो. त्या काळातल्या ग्राहकांनी केलेले हे सर्वांत मोलाचे काम, असे माझे मत आहे.

आता कारण. ग्राफिक्स चिप ९० नॅनोमीटर तंत्राची, भरपूर तापणारी. डीव्हीडी ड्राइव्ह नेमका तिच्या डोक्यावर, त्यामुळे हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, बुटका ठेवावा लागला. तो सर्किट बोर्डाच्या खालून फुलीच्या आकाराच्या स्प्रिंग-क्लिपने ओढून धरलेला, म्हणजे चिपच्या जागी बोर्डावर कायम ताण. त्यात युरोपच्या नियमांमुळे शिसेविरहित सोल्डर (चिप बोर्डाला जोडणारा वितळवलेला धातू) आले. शिसे-कथिलाचे जुने सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळते, कथिल-चांदी-तांब्याचे नवे साधारण २१७ अंशांना. ते अधिक कडक असते आणि वारंवार वाकवले तर तडकण्याकडे त्याचा कल असतो. बरीच वर्षे सगळा दोष चिपखालच्या सोल्डरच्या गोळ्यांवर टाकला गेला. पण कंपनीच्याच अभियंत्यांनी २०२१ मध्ये उघड सांगितले की जोड तुटत होते ते घटकाच्या, म्हणजे चिपच्या, आत. चालू केल्यावर तापणे, बंद केल्यावर निवणे, या चढउताराने ते थकून तुटत. म्हणजे नुसत्या उष्णतेपेक्षा उष्णतेची ये-जा घातक ठरली.

हे कळले की घरगुती उपाय का फसले ते आपोआप उलगडते. यंत्र टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटे चालू ठेवायचा उपाय जगभर पसरला होता. त्या उष्णतेत सोल्डर वितळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण २१७ अंशांच्या जवळपासही ते तापमान पोचत नाही. भाग प्रसरण पावून तुटलेले जोड तात्पुरते टेकतात, यंत्र काही तास किंवा काही दिवस चालते आणि पुन्हा बंद पडते. शिवाय बाकीचे घटकही भाजून निघतात आणि आग लागण्याचा धोका राहतो तो वेगळाच. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे क्लिप काढून ५ मिलिमीटरचे स्क्रू आणि वॉशर लावणे. ते जास्त आवळले की बोर्ड आणखी वाकतो, कमी आवळले की हीटसिंक टेकत नाही. दुकानांत चिप काढून नवे गोळे बसवून देत, म्हणजे रीबॉलिंग करत. जोड चिपच्या आत तुटला असेल तर खालचे गोळे कितीही सुबक बसवा, काही महिन्यांत तीच तक्रार परत येणार. तरीही त्याचे पैसे पूर्ण घेतले जात.

कंपनीने काय केले? अमेरिकेत सुरुवातीची वॉरंटी फक्त ९० दिवसांची होती. डिसेंबर २००६ मध्ये ती एक वर्षाची झाली. ५ जुलै २००७ रोजी तीन लाल दिव्यांसाठी खरेदीपासून तीन वर्षांची वॉरंटी जाहीर झाली, त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद झाली आणि ज्यांनी आधी खिशातून दुरुस्ती केली त्यांचे पैसे परत मिळाले. ग्राहकांच्या रेट्याचे हे मोठे यश होते. पण ही वॉरंटी दिव्यांच्या संख्येला बांधलेली होती, आणि मला सर्वांत खटकते ते हेच. एकच लाल दिवा आणि पडद्यावर ‘ई ७४’ असे ज्यांच्या वाट्याला आले त्यांना तीन वर्षे लागू नव्हती. त्यांचा बिघाडही चित्र तयार करणाऱ्या त्याच भागातला होता, तरी मोफत दुरुस्तीसाठी त्यांना एप्रिल २००९ पर्यंत थांबावे लागले, कारण ‘ई ७४’ चा समावेश तेव्हा झाला. दोष तोच असताना केवळ दिवे कमी पेटले म्हणून ग्राहकाने दुरुस्तीचे पैसे मोजायचे, याला कोणताही तांत्रिक आधार नव्हता.

आकड्यांबद्दलही सावध राहायला हवे. सुरुवातीला ३ ते ५ टक्के यंत्रे परत येणे सामान्य आहे असे सांगितले जात होते. २००९ मध्ये जादा वॉरंटी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या कंपनीने आपल्या ग्राहकांकडील नोंदी मांडल्या. पहिल्या दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० चे बिघाड २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ चे १०, निन्टेन्डो वीचे २.७. जादा वॉरंटी घेणारे ग्राहक म्हणजे सगळे ग्राहक नव्हेत, हे धरूनही फरक डोळ्यांत भरणारा आहे. आणि तो कळला विक्री सुरू होऊन जवळपास चार वर्षांनी.

भारतात हा कन्सोल सप्टेंबर २००६ मध्ये आला. त्याआधी आणि नंतरही अनेकांनी तो अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवला. तिथला अडॅप्टर १०० ते १२७ व्होल्टचा, आपल्याकडे २३०. नव्या यंत्रांचे वीजपुरवठे सहसा दोन्हीकडे चालतात, पण वॉरंटी देशापुरती असते. थोडा स्वस्त मिळतो म्हणून बाहेरून आणलेला पहिल्या खेपेचा कन्सोल घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

नवे यंत्र घरी आल्यावर खोके फोडतानाचा व्हिडिओ, बिल आणि अनुक्रमांकाचा फोटो लगेच काढून ठेवावा. पहिल्या महिन्यात मुद्दाम जड गेम दोन-तीन तास सलग चालवावा, यंत्र पूर्ण निवू द्यावे, पुन्हा चालवावे. कच्चे जोड या ये-जेतच उघडे पडतात. टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नये. विदर्भात एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० अंशांवर जाते, तिथे मागे आणि बाजूला वीतभर मोकळी जागा हवीच. बंद पडला तर आधी एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहावे, मग केबल बदलावी. दिव्यांचा किंवा पडद्यावरच्या कोडचा फोटो घ्यावा, तारीख आणि किती वेळ चालू होता ते लिहावे. सील मात्र तोडू नये आणि यंत्र तापवण्याचा उपाय अजिबात करू नये. ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि उघडलेल्या यंत्राबद्दल कंपनी सगळा दोष तुमच्यावर ढकलते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कलम ३५ प्रमाणे एकाच दोषाने त्रस्त झालेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. कन्सोलच्या बाबतीत हाच मार्ग अधिक परिणामकारक ठरेल, कारण पन्नास जणांचा एकच कोड समोर असला की ‘वापरणाऱ्याची चूक’ हे उत्तर टिकत नाही. त्या तक्रारीत केवळ बदली यंत्र मागू नये. बदलीत त्याच रचनेचा बोर्ड आला तर तोही त्याच जागी तुटतो. दोष कोणत्या भागाचा हे लेखी द्यावे, त्या भागासाठी वाढीव वॉरंटी द्यावी, लक्षण कोणतेही दिसो, आणि बदललेल्या यंत्राची मुदत बदलल्या दिवसापासून मोजावी, अशी मागणी त्यात असावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे असते, म्हणून सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक खेपेची जॉबशीट (दुरुस्तीची नोंद असलेली पावती) जपून ठेवावी.

आपला,
एक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती तंत्रज्ञ, पुणे