वॉर्ड वाढवा, पण झाकण कोण बसवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या जिल्ह्यांवरचा कालचा लेख वाचला. जिल्हा लहान झाला की कारभार लोकांच्या दारात येतो म्हणे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि डहाणू-तलासरीच्या माणसाची ठाण्याची खेप वाचली, हे मान्य. पण तेच औषध मुंबईच्या वॉर्डांनाही लागू पडेल, हे लेखकमहाशयांना कोणी सांगितलं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दोन वॉर्डांची हद्द आहे. भर पावसात तिथल्या मॅनहोलचं झाकण गेलं. आमच्या वॉर्ड ऑफिसात उत्तर मिळालं, ‘‘काका, फुटपाथपर्यंत आमचं, पुढचं त्यांचं.’’ पलीकडच्या ऑफिसात साहेबांनी नकाशा पसरला, चष्मा पुसला आणि सांगितलं की हद्द रस्त्याच्या मधोमध जाते. झाकणही नेमकं मधोमध! दोन्हीकडे तक्रार क्रमांक मिळाला, दोन्हीकडून ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला. शेवटी नाक्यावरच्या वडापाववाल्याने त्या भोकात झाडाची फांदी खोवली आणि तिला लाल फडकं बांधलं. विकेंद्रीकरण म्हणतात ते हेच असावं.

उद्या या वॉर्डाचे तीन तुकडे करा. हद्दी वाढतील, तशी मधोमधची झाकणंही वाढतील. नवी खुर्ची, नवी गाडी, नवी पाटी. पैसा आणि मंजुरी मात्र वरूनच. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात असं ती सांगते. त्या समित्यांत बसायचं नगरसेवकांनी. आणि मार्च २०२२ पासून थेट जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत नगरसेवकच नव्हते! यावर लेखात अवाक्षर नाही. महापौर आहेत, पण कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. आम्हा उपनगरवाल्यांना तर १९९० पासून स्वतंत्र जिल्हा आहे. त्याने गटाराला काय फरक पडला, हे लेखकांनी एकदा येऊन पाहावं. चहा आमच्याकडे.

जाता जाता, लेखासोबतच्या नकाशात आपण वसई तालुका ठाणे जिल्ह्यात दाखवला आहे. तो पालघरमध्ये जाऊन दहा वर्षं उलटली. ज्या जिल्ह्याचं एवढं कौतुक करता, तो निदान नीट छापा. आणि गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मुंबई उपनगर