दाराच्या काचेला रंग आतून लावा

संपादक महोदय,

दिवाळीच्या तोंडावर मुख्य दारातल्या काचेवर गणपती, पणत्या, कमळे रंगवायची हौस पुष्कळांना असते. चित्र सुरेख जमते, पण रंग बाहेरून लावल्यामुळे थोड्याच दिवसांत कडेने पोपडे सुटतात. काच रंग शोषत नाही, तो नुसता वर बसतो. पावसाची झड, जिन्यातली धूळ, रोजचे ओले फडके आणि मुलांची बोटे त्याला सोसत नाहीत. एसीच्या घरात दमट हवेत काचेला बाहेरून दवही धरते. म्हणून रंग आतून लावावा. बाहेरून चित्र दिसतेच, शिवाय काचेची चकाकी फुकट मिळते.

मात्र आतून रंगवताना क्रम उलटा होतो. डोळे, गंध, दागिने आणि बाह्यरेषा आधी, मग अंगाचा रंग आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. आपल्याकडची जुनी काचचित्रे याच पद्धतीची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती जरूर पाहावीत. चित्रही उलटे उमटते. डाव्या सोंडेचा गणपती बाहेरून उजव्या सोंडेचा दिसतो, स्वस्तिक उलटे फिरते, ‘शुभ दीपावली’ वाचता येत नाही. यावर सोपा उपाय आहे. ट्रेसिंग पेपरवर चित्र सुलटे काढावे आणि रेघांची बाजू बाहेर ठेवून तो कागद काचेला बाहेरून चिकटवावा. आतून जे दिसेल तसेच गिरवत जावे.

काच आधी साबणाच्या पाण्याने आणि मग स्पिरिटने पुसावी. तेलकट बोट लागले तर तेवढ्या जागी रंग फाटतो. फ्रॉस्टेड काचेची खरखरीत बाजू आत असेल तर तिच्यावर रंगवू नये, रंग खाचांत शिरून कायमचा बसतो. काचेला फिल्म लावलेली असेल तर त्या बाजूला ना रंग लावावा, ना रंग खरवडायला ब्लेड.

चार दिवसांपुरते चित्र हवे असेल तर एक मोठा चमचा पोस्टर कलरमध्ये अर्धा छोटा चमचा भांड्यांचा लिक्विड साबण घालावा. साबणाने रंग काचेवर नीट पसरतो आणि नंतर ओल्या फडक्याने निघतो. पाणी घातले की ओघळ आलेच. वर्षभर टिकवायचे असेल तर ॲक्रिलिक वापरावा, साबण न घालता. पहिला हात अर्धा तास वाळू द्यावा. घाई केली तर दुसऱ्या हाताचा ब्रश खालचा रंग उचलून घेतो. एकदा ओढलेल्या फटकाऱ्यावरून पुन्हा ब्रश फिरवू नये.

पारदर्शक ग्लास कलर उभ्या काचेवर हमखास ओघळतात. दाराची लाकडी पट्टी सुताराकडून काढून काच आडवी ठेवता आली तर उत्तम. लायनरची, म्हणजे बाह्यरेषा काढायच्या घट्ट रंगाची, नळी आधी कागदावर दाबून आतली हवा काढावी, नाहीतर रेघेत मधेच गोळा पडतो. रेघ पूर्ण वाळल्याशिवाय रंग भरू नये. तिला केसाएवढी फट राहिली तरी शेजारचा रंग आत शिरतो.

खरी निवड उजेडाची आहे. रात्री घरात दिवा असताना बाहेरून ॲक्रिलिक काळपट दिसतो आणि ग्लास कलर खुलतो; दिवसा नेमके उलट होते. दोन्ही वेळा चित्र उठून दिसायला हवे असेल, तर वाळलेल्या ग्लास कलरच्या मागे स्पंजने पांढऱ्या ॲक्रिलिकचा अगदी विरळ थर थापावा. थेट ऊन येणाऱ्या दारावर मात्र ग्लास कलर लवकर विटतात, तिथे ॲक्रिलिकच बरा.

आणखी एक, आणि हे दिवाळीत फार महत्त्वाचे: सॉल्व्हंटवाले (पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकातले) ग्लास कलर वाळेपर्यंत त्यांची वाफ पेट घेऊ शकते. दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि एक दिवस तरी त्या दाराशी पणती किंवा उदबत्ती लावू नये.

– काचरंगकाम शिकवणारी एक वाचक, ठाणे