दोन कॉलन्या आणि एक संगम

क्योल्न, रविवार

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

पत्राला दोन आठवडे उशीर झाला, आधीच कान पकडते. त्या दिवशी माझे इथल्या, जर्मनीतल्या कोब्लेंट्स गावचे फोटो बघून तुम्ही फोनवर विचारलंत, "कोब्लेंट्स म्हणजे काय गं?" आणि मी "असेल काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही नुसतं "हं" केलंत. तुमचा तो "हं" मला शाळेपासून ओळखीचा आहे. जन्मभर पोरांना भूगोल शिकवलेल्या माणसापुढे "असेल काहीतरी" चालत नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

कोब्लेंट्स म्हणजे संगम. खरंच, एवढंच. ऱ्हाईन आणि मोझेल तिथे मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन फौजेने तिथे ठाणं घातलं आणि त्या जागेला म्हणू लागले ‘काँफ्लुएंतेस’, म्हणजे एकत्र वाहणाऱ्या. जर्मन तोंडात घासून घासून त्याचं कोब्लेंट्स झालं. फ्रान्समध्ये त्याच शब्दाचं काँफ्लां झालंय, तेही नद्यांच्या संगमावरच.

दोन्ही पाणी जिथे मिळतं, तिथे दगडी टोक बांधून काढलंय आणि त्यावर कैसर विल्हेल्मचा घोड्यावरचा अवाढव्य पुतळा आहे. मूळचा १८९७ सालचा. १९४५ मध्ये युद्धात तो पडला आणि १९९३ मध्ये पुन्हा उभा केला. सगळे त्याचे फोटो काढत होते. मी मात्र पाण्याकडे बघत बसले. आपल्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना कशा समोरासमोर येऊन भिडतात, भांडायला आल्यासारख्या! इथे मोझेल तिरकी येते आणि निमूट मिसळते. शिवाय इथे ऱ्हाईन पुल्लिंगी आहे. ‘बाप ऱ्हाईन’ म्हणतात त्याला, आपल्याकडे ब्रह्मपुत्राला नद म्हणतात तसं. आपण संगमाला ‘प्रीति’ जोडली. रोमन लोकांनी नुसता संगम ठेवला. सरकारी माणसं, दुसरं काय!

आता खरी गंमत मी राहते त्या गावाची. ‘क्योल्न’ म्हणजे कॉलनी. हसू नका. लॅटिन ‘कोलोनिया’. ‘कोलेरे’ म्हणजे जमीन कसणे, ‘कोलोनुस’ म्हणजे कसणारा, आणि कसणाऱ्यांची वस्ती ती कोलोनिया. पुढे त्याला कायद्यातला अर्थ आला: रोमन नागरिकांची, बहुतेक वेळा नोकरी संपलेल्या सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली, हक्काची वसाहत. तोच शब्द इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला आणि तुमच्या पत्त्यात जाऊन बसला. म्हणजे तुम्ही शिक्षक कॉलनीत राहता आणि मीही कॉलनीतच राहते, फक्त माझीच्या पुढे दुसरं काही उरलेलं नाही.

पूर्वी होतं. चांगलं लांबलचक होतं: कोलोनिया क्लाउदिया आरा अग्रिप्पिनेन्सिउम. आरा म्हणजे वेदी. इथे उबी नावाच्या टोळीची वस्ती होती आणि त्यांच्यात रोमन लोकांनी एक मोठी वेदी उभारली होती. अग्रिप्पिना इथेच इसवी सन १५ मध्ये जन्मली. तिचे वडील गेर्मानिकुस ऱ्हाईनवरच्या फौजेचे सेनापती. पुढे तिने सम्राट क्लाउदियुसशी, म्हणजे सख्ख्या चुलत्याशी, लग्न केलं आणि इसवी सन ५० मध्ये आपल्या जन्मगावाला कोलोनियाचा दर्जा मिळवून दिला. माहेरचं गाव नवऱ्याकडून नगरपालिका करून घेतलं म्हणा ना. त्या नावाची चार आद्याक्षरं जुन्या उत्तर वेशीच्या कमानीवर कोरलेली आहेत, आणि त्या वेशीची एक छोटी बाजूची कमान अजून कॅथेड्रलसमोर उभी आहे. लोक तिला टेकून सँडविच खातात.

पण बोलताना एवढं लांब नाव कोण घेणार? नऊच वर्षांनी, इसवी सन ५९ मध्ये, अग्रिप्पिनाला तिच्याच मुलाने, नेरोने, मारवलं. गावाच्या नावातूनही ती हळूहळू गळाली, क्लाउदियुस गळाला, वेदी गळाली, आणि उरली कॉलनी. मला हे फार आवडलं, बाबा. राजाराणी गेली आणि कसणाऱ्यांचा शब्द राहिला.

कॉलेजात असताना मला वाटायचं, लॅटिन नाव म्हणजे काहीतरी भारदस्त, संगमरवरात कोरलेलं असणार. इथे येऊन कळलं की आपल्याला अर्थ लागत नाही म्हणूनच ती भारदस्त वाटतात. अर्थ लावला की खाली निघतं संगम, छावणी, पाणी, अमक्याची वाडी.

वाडीवरून आठवलं. क्योल्नहून कोब्लेंट्सला जाणारी गाडी अगदी सातारा पॅसेंजरसारखी थांबत थांबत जाते. बॉन, रेमागेन, झिंत्सिश, आंडरनाख. शेवटी ‘इश’ किंवा ‘आख’ असलेली बरीच गावं या भागात आहेत. पैकी अनेकांच्या पोटात ‘आकुम’ आहे. ती मूळची केल्टिक शेपटी, रोमन लोकांनी तशीच वापरली. अर्थ ‘अमक्याचं’. पश्चिमेला युलिश नावाचं गाव आहे, ते युलियाकुम, युलियुसचं. शिंदेवाडी, पाटीलवाडी तशीच युलियुसवाडी! रेमागेन तर सगळंच केल्टिक, ‘रिगोमागुस’, राजाचं माळरान. म्हणजे लॅटिन कागदपत्रांत दिसतं म्हणून ते लॅटिनच असेल असं नाही. आधीच्या लोकांची नावं रोमन कारकुनांनी ऐकली तशी उतरवली, इंग्रजांनी आपल्या कऱ्हाडचं ‘कराड’ केलं तसं. (तुम्ही अजून पाकिटावर ‘कऱ्हाड’ लिहिता हे बघून इथल्या टपालवाल्याला काही फरक पडत नाही, पण मला बरं वाटतं.)

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला आनंद होईल. दक्षिणेत रेगेन्सबुर्ग नावाचं शहर आहे, त्याचं रोमन नाव ‘कास्त्रा रेगिना’. कास्त्रा म्हणजे छावणी. इंग्लंडमधली चेस्टर, मँचेस्टर, लँकेस्टर ही सगळी त्याच शब्दाची नातवंडं. आणि रेगिना म्हणजे लॅटिनमध्ये राणी. मी ऑफिसात जेवताना ऐटीत सांगून टाकलं, "राणीची छावणी." शेजारची बाई त्याच भागातली निघाली. म्हणाली, राणी कुठली, तिथे रेगेन नावाची नदी आहे, तिच्या काठची छावणी ती. वर म्हणाली, आमच्याकडच्या पुष्कळ पोरांना वाटतं पावसाचा किल्ला, कारण जर्मनमध्ये रेगेन म्हणजे पाऊस. म्हणजे मी एकटीच घसरले नाही. इसवी सन १७९ चा शिलालेख आहे त्या छावणीचा, वेशीचे दगडही जागेवर आहेत. कान धरून गेलं पाहिजे एकदा.

पाण्याचं सांगायचं राहिलं. जिथे गरम झरे, तिथे रोमन लोक ‘आक्वे’ म्हणायचे, म्हणजे पाणी, तेही अनेकवचनी. आपलं उन्हेरे आणि उन्हवरे याच जातीचं. आमच्या जवळचं आखेन म्हणजे ‘आक्वे ग्रान्नी’. ग्रान्नुस हा केल्टिक लोकांचा बरं करणारा देव. जर्मन लोकांनी आपला जुना पाण्याचा शब्द वापरून आखेन केलं, फ्रेंच त्याच गावाला ‘एक्स’ म्हणतात, आणि तो एक्स आला ‘आक्विस’मधून. आक्विस म्हणजे ‘पाण्यांवर’. सप्तमी! मला तर तिथे उभा शिपाईच दिसला. कुठे आहेस रे? पाण्यांवर. आणि ते उत्तरच गावाचं नाव झालं. ट्रिअरही तसंच, ‘त्रेवेरिस’, म्हणजे त्रेवेरी टोळीत. सरकारी दप्तरात ते ‘आउगुस्ता त्रेवेरोरुम’, सम्राट ऑगस्टसच्या नावाने. दप्तरातलं आउगुस्ता कुणी जपलं नाही, तोंडातलं राहिलं. पण स्पेनमध्ये सारागोसाने आख्खा सम्राट पोटात ठेवला आहे, ‘काएसाराउगुस्ता’. आणि तिथलंच मेरिदा म्हणजे ‘एमेरिता’, सेवानिवृत्तांचं गाव. फौजेतून निवृत्त झालेल्यांसाठी इसवी सनापूर्वी २५ मध्ये वसवलेलं. तुम्ही आणि देशपांडे सर तिथे शोभाल.

आईला सांगा, तब्येत बरी आहे, स्वेटर वापरते, आणि मेतकूट संपलं. मोदकाचं पीठ नको, इथे मिळतं.

एक काम आहे. लहानपणी ताप आला की आजी कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची, आठवतंय? ते कोलन म्हणजे हेच गाव. फरिना नावाच्या इटालियन घराण्याने १७०९ साली इथे दुकान घातलं, आणि पुढे त्यांच्यातल्या एकाने आपल्या अत्तराला या गावाचं फ्रेंच नाव दिलं. दुसरा प्रसिद्ध छाप ४७११, तो तर नुसता घराचा नंबर आहे. आजीची निळसर बाटली माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. तिच्यावर काय छापलंय ते जरा चष्मा लावून बघाल का? अक्षरं पुसली असतील तर उरली तेवढी कळवा.

तुमची,
सुमी