फोटो छापा, पण त्यामागचं कारणही छापा

संपादक साहेब,

परदेशातल्या युद्धाच्या, निर्वासितांच्या बातम्या तुम्ही देता हे चांगलंच आहे. पण या विषयावरचे लेख हल्ली एकाच प्रश्नावर येऊन संपतात, 'जग गप्प का?' आता जग म्हणजे नेमकं कोण हो? वाचक बिचारा गिल्टी फील करून पान उलटतो, आणि ज्यांनी निर्णय घेतले त्यांचं नाव लेखात कुठेच नसतं.

२ सप्टेंबर २०१५ ला तुर्कीत बोडरुमजवळच्या किनाऱ्यावर अ‍ॅलन कुर्दी या सीरियन मुलाचा मृतदेह सापडला, तो फोटो जगभर छापून आला, बघून माझ्याही पोटात कालवलं. पण त्याच बोडरुमहून समोरच्या ग्रीसच्या कोस बेटावर टुरिस्ट लोकांसाठी रीतसर फेरीबोट जाते, मग ही माणसं दलालाला पैसे देऊन छोट्याशा बोटीत का बसली? तर युरोपियन युनियनच्या २००१ च्या नियमाप्रमाणे व्हिसा नसलेला प्रवासी आणला की कंपनीला दंड बसतो, म्हणून विमानवाले, बोटवाले त्यांना चढूच देत नाहीत. हे फोटोखाली दोन ओळीत मावलं असतं.

आणि नुसत्या अश्रूंवर गेलं की काय होतं ते नायिरा प्रकरणात दिसलंच आहे. इराकने कुवेत ताब्यात घेतला होता तेव्हाची गोष्ट, ऑक्टोबर १९९० मध्ये नायिरा नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने अमेरिकन खासदारांच्या मानवाधिकार गटासमोर रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी कुवेतच्या हॉस्पिटलात बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकलं. टीव्हीने दाखवलं, तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेनेही आधी खरं मानलं. पुढे अमेरिकेचं इराकशी युद्ध होऊन गेल्यावर, १९९२ मध्ये बाहेर आलं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताचीच मुलगी, आणि हा सगळा प्रचार हिल अँड नोल्टन या पीआर कंपनीने सांभाळला होता! मुलगी कोणाची एवढं तरी कोणी विचारायचं ना तेव्हाच? वाईट याचं वाटतं की इराकी सैन्याने कुवेतमध्ये खरोखर छळ केला होता, माणसं मारली होती, आणि या बनावट कहाणीमुळे त्या खऱ्या लोकांवरच शंका घेतली गेली.

भावनेला हात घालू नका असं मी म्हणत नाही, कोरड्या आकड्यांनी कोण हलतंय. फक्त साक्षीदार कोण, त्याला पुढे कोणी आणलं, ते आधी तपासा आणि लेखात लिहा. आणि नंतर काही चुकीचं निघालंच तर दुरुस्ती आतल्या पानावर बारीक अक्षरात नको, जिथे फोटो छापला होता तिथेच द्या.

आपला एक वाचक